भुईला भार

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू एक वाक्य बोललास आणि मी 'बरं' म्हणून फोन ठेवला. त्यानंतर तीन रात्री मला धड झोप नाही. घरच्या कार्याला येतोस का, एवढंच मी विचारलं होतं. तू म्हणालास, "बाबा, मी सध्या खायला काळ आणि भुईला भार. आलो काय, न आलो काय."

नोकरी गेल्यापासूनचे हे सात महिने तू कसे काढतोयस ते मला अर्धंमुर्धंच माहीत आहे. तू सांगत नाहीस, मी खोदून विचारत नाही. पण या वाक्याबद्दल मला बोललंच पाहिजे, कारण ते तुझं नाही. माझं आहे. तू ते आपल्याच घरात, माझ्या तोंडून ऐकलंस.

तुला आठवत असेल की नाही, कोण जाणे. तू नऊ वर्षांचा होतास, जमिनीवर वह्या पसरून बसला होतास. दादा, म्हणजे तुझे मोठे काका, खिडकीपाशी बसला होता, रोज बसायचा तसा. महिनाअखेर होती, मी रात्रपाळी करून आलेलो, पैशांची ओढाताण चाललेली. तुझ्या आईशी बोलता बोलता आवाज जराही न दाबता मी म्हणालो, "घरात एक माणूस नुसता खायला काळ आणि भुईला भार झालाय." दादाने मान वळवली नाही. तू वहीतून डोकं वर काढून माझ्याकडे पाहिलंस. एवढंच झालं.

त्या दिवसापासून दादा जेवायला आपणहून बसेनासा झाला. पानं मांडली की दाराशी येऊन उभा राहायचा. कुणी "बस" म्हटलं की मग बसायचा. हे माझ्या लक्षात यायला कित्येक दिवस लागले. तुझ्या आईच्या पहिल्याच रात्री लक्षात आलं होतं. पुढे चौदा वर्षं, तो जाईपर्यंत, तो तसाच दाराशी थांबत राहिला आणि मी रोज "बस" म्हणत राहिलो. "थांबतोस कशाला, घर तुझं आहे," हे एकदाही म्हणालो नाही.

आता तू दाराशी थांबला आहेस. तुला तिथे उभं करणारा मीच आहे. म्हणून हे पत्र. फोनवर मला एवढं बोलता येत नाही. घसा दाटतो आणि मग मी हवापाण्याचं काहीतरी बोलायला लागतो.

मी तरी ते वाक्य कुठून आणलं? माझे वडील म्हणायचे, त्यांचेही म्हणत असतील. काम केल्याशिवाय घास नाही, हे आमच्याकडे इतक्या सहज बोललं जायचं की त्यात कुणाला काही लागेल असं मनातही आलं नाही. उलट अभिमान वाटायचा. छत्तीस वर्षं पाळ्या केल्या, फुकटचं काही घेतलं नाही, हे मी छाती पुढे काढून सांगत आलो. आपली भाषाच बघ. ओळख झाली की पहिला प्रश्न 'काय करता आपण?' कुणाच्या मुलाबद्दल विचारायचं तर 'पोरगा काय करतो?' कसा आहे, हे मागाहून, जमलं तर. ज्याच्याकडे 'करतो'चं उत्तर नाही त्याच्यासाठी शब्द तयार असतात: ऐतखाऊ, रिकामटेकडा, बांडगूळ.

निवृत्त झाल्यावर वाचायला सवड मिळाली, तेव्हा या वाक्याचा माग काढावासा वाटला. ते फार जुनं निघालं. बायबलमध्ये पौल या ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या नावाने थेस्सलनीकाच्या लोकांना लिहिलेलं दुसरं पत्र आहे, त्यात ते येतं: ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये. त्यात 'इच्छा' हा शब्द आहे, तो मी दोनदा वाचला. करता येत असून करायचं नाही, अशा माणसाबद्दल ते आहे. ज्याला जमत नाही, ज्याला कुणी काम देत नाही, त्याच्याबद्दल नाही.

पुढे वाक्य प्रवासाला निघालं आणि तेवढा एक शब्द वाटेत गळून पडला. १९१८ साली सोव्हिएत रशियाच्या राज्यघटनेत ते आलं, १९३६ च्या सोव्हिएत घटनेत बाराव्या कलमात पुन्हा आलं: जो काम करत नाही तो खाणारही नाही. इच्छेचा उल्लेख नाही. मग काम म्हणजे काय हे सरकारी कागद ठरवू लागला. १९६१ मध्ये तिथे 'बांडगुळां'विरुद्ध हुकूम निघाला. त्याखाली १९६४ साली लेनिनग्राडमध्ये योसिफ ब्रॉडस्की नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुणावर खटला चालला. तो कविता लिहायचा, भाषांतरं करायचा, आणि कुठल्याही नोकरीत टिकत नव्हता. न्यायाधीशबाईंनी विचारलं, तुम्हाला कवींमध्ये कुणी गणलं? तो म्हणाला, कुणीच नाही. मला माणसांत तरी कुणी गणलं?

त्याला पाच वर्षांची सक्तमजुरी झाली, दूर उत्तरेकडे. दीड वर्षाने सोडलं. १९८७ साली त्याला साहित्याचं नोबेल मिळालं. ही गोष्ट सांगणारे शेवटी नोबेलपाशी येऊन थांबतात, जणू त्या पारितोषिकाने तो निर्दोष ठरला. मला ते मान्य नाही. त्याने आयुष्यात एकही बरी ओळ लिहिली नसती तरी तो खटला तेवढाच चुकीचा होता. त्याच्या उत्तरातला दुसरा अर्धा भाग कवीपुरता नाहीच. मला माणसांत कुणी गणलं? दादाने हा प्रश्न मला विचारला असता तर मी काय सांगणार होतो?

याच्याही पुढची एक गोष्ट आहे. लिहू की नको असा विचार केला. पण आपण सहज तोंडातून काढतो ते शब्द कुठवर जाऊ शकतात हे तुला कळावं. नाझी जर्मनीत अपंगांना आणि मनाचे आजार असलेल्यांना 'निरुपयोगी खाणारी तोंडं' म्हणत. 'खायला काळ' आणि यात काही अंतर दिसतं का तुला? मला दिसत नाही. शाळेच्या गणितांत मुलांना अशा एका माणसाचा सरकारला खर्च किती, याची उदाहरणं घालत. १९३९ मध्ये रुग्णालयांकडे फॉर्म पाठवले गेले. त्यात आजाराचं नाव विचारलं होतं, आणि एका रकान्यात रुग्ण कुठलं काम करतो तेही विचारलं होतं. ज्या डॉक्टरांनी त्यावर खुणा करून निकाल दिले त्यांनी बहुतेक रुग्णांना पाहिलंही नव्हतं. १९४० आणि १९४१ या दोन वर्षांतच ७०,००० हून अधिक माणसं त्या मोहिमेत मारली गेली. तो फॉर्म आपल्या घरी आला असता तर दादाच्या रकान्यात 'काही नाही' असं लिहावं लागलं असतं. आणि लिहिणारा मी असतो.

तू म्हणशील, बाबा टोकाचं बोलतायत. बरं, मग दुसऱ्या बाजूने बघू. काम हेच समाजात जागा मिळण्याचं तिकीट असेल, तर ज्यांनी सर्वांत जास्त काम केलं त्यांना पहिल्या रांगेत जागा मिळायला हवी होती. मिळाली का? अ‍ॅथेन्समध्ये गुलाम खाणीत राबायचे आणि मोकळा वेळ असलेले नागरिक चौकात बसून राज्य चालवायचे. ॲरिस्टॉटल त्या शहरात कितीतरी वर्षं शिकवत होता, पण तो बाहेरचा. नागरिक कधीच झाला नाही. अमेरिकेत १६१९ पासून आफ्रिकेतून आणलेल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या शेतं पिकवली, आणि १८५७ साली ड्रेड स्कॉट या गुलामाच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हे लोक देशाचे नागरिक होऊच शकत नाहीत. जवळजवळ अडीचशे वर्षांच्या कामाने जी जागा दिली नाही ती १८६८ च्या घटनादुरुस्तीने दिली, आणि कशाच्या जोरावर दिली? इथे जन्मला म्हणून. आपल्या भाषेतही 'गावकुसाबाहेर' हा शब्द आहे. ज्यांच्या कामावाचून गावाचा एक दिवस सरला नसता, त्यांचीच घरं कुसाबाहेर होती. कामाला आत, माणूस म्हणून बाहेर. कामाने माणूस आपला होतो, हे मी आयुष्यभर मानत आलो. इतिहास याची साक्ष देत नाही.

व्हिएतनामच्या उत्तरेला मान बाक नावाचं ठिकाण आहे. तिथे २००७ साली एका तरुणाची हाडं सापडली, साधारण चार हजार वर्षांपूर्वीची. मणक्याच्या जन्मजात दोषामुळे त्याचं अंग किशोरवयातच लुळं पडलं होतं. पाय गेलेले, हातही जवळजवळ गेलेले. शिकारीला जाणं, मासे धरणं सोड, त्याला स्वतःच्या हाताने घास खाता येत असेल की नाही याचीच शंका. तरीही तो त्यानंतर सुमारे दहा वर्षं जगला, हे त्या हाडांवरून कळतं. दहा वर्षं कुणीतरी त्याला रोज भरवलं, धुतलं, कुशीवर वळवलं. धातूची अवजारंही हाती नसलेले लोक होते ते, आजची शिकार उद्या मिळेल याची खात्री नसलेले. त्यांनी त्याला दाराशी उभं केलं नाही. हे वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं आणि बराच वेळ दादाच्या खिडकीकडे बघत बसलो.

इथे एक धोक्याची जागा आहे. ती मी स्वतः ओलांडली आहे, म्हणून सांगतो. दादा गेल्यावर भेटायला आलेले लोक म्हणायचे, त्यांनी तुम्हाला माया शिकवली, संयम शिकवला, हेच त्यांचं योगदान. मीही मान डोलवायचो. बरं वाटायचं. मग एकदा लक्षात आलं की हे म्हणजे मेल्यावर त्याला कामाला लावणं झालं. आमचा संयम वाढवण्याच्या नोकरीवर ठेवलं आम्ही त्याला! दादाला त्याच्या मनाच्या आजाराने बावीसाव्या वर्षी धरलं आणि शेवटपर्यंत सोडलं नाही. त्याला ऊन आवडायचं. रेडिओवरच्या बातम्या तो एकही न चुकवता ऐकायचा. तुझ्या चपला उलट्यासुलट्या पडलेल्या दिसल्या की उठून नीट लावायचा. यातून कुणाला काय मिळालं याचा हिशोब मला मांडायचा नाही. तो होता आणि तो आपला होता. तेवढं पुरेसं होतं, आणि ते मला तो असताना पुरलं नाही.

आता माझी दुसरी बाजू ऐक. नाहीतर तुला वाटेल, बाबा म्हातारपणी हळवे झाले आणि कामाला काही किंमतच नाही म्हणायला लागले. तसं नाही. काम गेलं की माणसाचं काय होतं हे मला वाचून कळलेलं नाही.

तू चार वर्षांचा असताना आमच्या कारखान्याला टाळं लागलं. अकरा महिने. तुला ते कधी सांगितलं नाही. पहिला महिनाभर मी घरातल्या सगळ्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळ दुरुस्त केले, शेजाऱ्यांचेही केले. फिटरचा हात, स्वस्थ बसवेना. मग हळूहळू तेही सुटलं. दुसऱ्या महिन्यात कधीतरी मी मनगटावरचं घड्याळ काढून कपाटात ठेवलं. का ठेवलं ते तेव्हा सांगता आलं नसतं. रस्त्याने चालताना पाय जड पडायचे. ओळखीचं कुणी दिसलं की मी बाजू बदलायचो.

फार वर्षांनी एका ठिकाणी वाचलं की व्हिएन्नाजवळ मारिएनथाल नावाचं गाव होतं. अख्खं गाव एका कापड गिरणीवर जगायचं. १९३० च्या सुमारास गिरणी बंद पडली. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझेल हे तरुण संशोधक सहकाऱ्यांसह तिथे गेले आणि बेकारीने माणसाचं काय होतं ते त्यांनी टिपून ठेवलं. लोकांना आता वेळच वेळ होता. मग वाचनालयातून पुस्तकं जास्त जायला हवीत ना? ती जवळजवळ निम्म्यावर आली. पुरुष रस्त्यात पुन्हा पुन्हा थांबायचे, घाई कसलीच नाही. दिवसभर काय केलं ते लिहा म्हटलं तर त्यांना आठवायचं नाही; एकाने मधल्या वेळेबद्दल एवढंच लिहिलं की तोवर दुपार होते. आणि बहुतेक पुरुषांनी घड्याळ बाळगणं सोडून दिलं होतं. हे वाचलं आणि माझा हात आपोआप मनगटाकडे गेला. इतक्या लांबच्या, इतक्या आधीच्या माणसांनी तेच केलं होतं.

तर मला हे माहीत आहे. काम नुसता पगार देत नाही. सकाळला सकाळपण देतं, चार माणसांत नेऊन बसवतं, आपली कुणाला तरी वाट बघायला लावतं. ते गेलं की दुखतं, आणि ते दुखणं खरं आहे. तुझंही खरं आहे. पण हात मोडला तर हात दुखतो. म्हणून माणूस माणसांतून उठत नाही. काम नसण्याचं दुःख वेगळं आणि काम नाही म्हणून मी कुणाचा नाही, हे वेगळं. पहिलं तुझ्यावर आलं आहे. दुसरं मी तुझ्या डोक्यात घातलं.

त्याच मारिएनथालमधली आणखी एक नोंद आहे. बायका मात्र रस्त्याने भरभर चालायच्या. त्यांना थांबायला वेळच नव्हता. गिरणी बंद झाली तरी चूल, पोरं, धुणं, फाटक्याला ठिगळ, हे काही बंद झालं नव्हतं. संशोधकांनी लिहिलं की या बायका बेकार नाहीत, फक्त बिनपगारी आहेत. हे वाक्य मी तुझ्या आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण तिने मला ते परत एकदा वाचायला लावलं. माझ्या अकरा महिन्यांत घर कुणी चालवलं ते तिला माहीत, मला माहीत. दादाला न्हाऊमाखू घालायची, त्याची औषधं वेळेवर द्यायची, आणि तरी कुणी विचारलं तर म्हणायची, 'मी काही करत नाही, घरीच असते.' देशाचं उत्पन्न मोजतात त्यात घरच्या माणसाने केलेला स्वयंपाक आणि शुश्रूषा धरतच नाहीत. तेच काम पगारी माणसाने केलं की धरतात. आइसलँडमध्ये २४ ऑक्टोबर १९७५ रोजी तिथल्या दहातल्या नऊ बायकांनी एक दिवस नोकरीतलं आणि घरातलं सगळं काम थांबवलं. शाळा अडल्या, टेलिफोन अडले, कारखाने अडले, बापांना पोरं घेऊन कामावर जावं लागलं. काम कशाला म्हणायचं हेच जर इतकं डोळे झाकून ठरवलं असेल, तर त्यावरून माणसाची लायकी ठरवणाऱ्या आम्हाला काय म्हणावं?

आणखी एक शंका तुझ्या मनात येईल. माझ्याही येते. धडधाकट असून दुसऱ्याच्या जिवावर बसून खाणारा, त्याचं काय? आमच्या पाळीत एक जण होता. मशीनच्या मागे झोपायचा आणि त्याचं काम आम्हा दोघांवर यायचं. मला त्याचा राग यायचा, आजही येतो, आणि तो राग चुकीचा आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या रागाकडे नीट बघितलं तर काय दिसतं? तो आमचा होता म्हणून राग होता. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाने झोप काढली तर आपल्याला काय त्याचं? आपल्या माणसाकडून अपेक्षा असते, ती मोडली की बोलतो आपण. म्हणजे आपलेपण आधीपासून असतं, कर्तव्य त्याच्या पोटातून येतं. मी आयुष्यभर हे उलटं धरून चाललो.

१० डिसेंबर १९४८ रोजी संयुक्त राष्ट्रांनी मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. तो एकदा कलमांच्या क्रमाने वाच. पहिल्याच कलमात सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि प्रतिष्ठेने समान आहेत असं म्हटलंय. जन्मतः. कामाचं नाव थेट तेविसाव्या कलमात येतं, आणि तिथे काम हा माणसाचा हक्क आहे. पंचविसाव्यात म्हटलंय की बेकारी, आजार, अपंगत्व, वैधव्य, म्हातारपण यांत त्याला आधार मिळाला पाहिजे. आणि शेवटाकडे, एकोणतिसाव्यात, माणसाची समाजाबद्दलची कर्तव्यं येतात. लिहिणाऱ्यांनी क्रम असाच मनात धरला होता का, ते सोड. मला तो पटतो. मूल जन्मल्यावर काम करून दूध मागत नाही. आधी घास, मग बळ, मग काम.

तुझ्या दंडावर देवीच्या लसीचा वण नाही. माझ्या आहे, अजून हाताला लागतो. कितीतरी देशांतल्या माणसांनी दारोदार फिरून लस टोचली आणि १९८० साली देवी जगातून गेल्याचं जाहीर झालं. तू त्यानंतर जन्मलास. त्यासाठी तू काय काम केलं होतंस? काहीच नाही. तरी ते तुझं आहे. ही भाषा, जिच्यात तू स्वतःला टाकून बोललास, तीही तुला कुणी मजुरीच्या बदल्यात दिलेली नाही. अशा न मागता मिळालेल्या गोष्टींचं ऋण असतं, ते मी मानतो, तूही मान. पण ऋण आपल्याच माणसाचं असतं. ते फेडायची मुदत कुणी घालून देत नाही, आणि फेडेपर्यंत उंबऱ्याबाहेर उभं राहा असंही कुणी म्हणत नाही.

लोकांना फुकट दिलं तर लोक आळशी होतात असं मी कारखान्यात कितीदा बोललो असेन. फिनलंडमध्ये २०१७ आणि २०१८ अशी दोन वर्षं २,००० बेकार लोकांना दरमहा ५६० युरो कसलीही अट न घालता दिले. काम मिळालं तरी ते चालूच. ही माणसं इतर बेकारांपेक्षा कमी काम करताना आढळली नाहीत, थोडे दिवस जास्तच केलं. आणि त्यांची मनं अधिक स्वस्थ होती, इतर माणसांवर आणि संस्थांवर त्यांचा विश्वास जास्त होता. यावरून सगळं सिद्ध झालं असं मी म्हणत नाही. दोन हजार माणसं म्हणजे सगळं जग नव्हे. पण भीती घातल्याशिवाय माणूस हलत नाही, ही माझी समजूत त्यापुढे टिकली नाही.

बेल्जियममध्ये गील नावाचं गाव आहे. तिथे कित्येक शतकांपासून लोक मनाच्या आजाराची माणसं आपल्या घरात ठेवून घेतात. १९३० च्या दशकाच्या शेवटी अशी साडेतीन हजारांहून अधिक माणसं त्या गावात राहत होती. त्यांना रुग्ण म्हणत नाहीत, घरी उतरलेला माणूस म्हणतात. कुणी शेतात मदत करतो, कुणी पोरांना खेळवतो, कुणी काहीच करत नाही. पान सगळ्यांचं मांडलेलं असतं. तिथे एकदा दादाला घेऊन जायला हवं होतं असं फार वाटतं. पण जायला गील कशाला हवं होतं? आपलं घर होतंच की.

तुझ्या कामाबद्दल मी काही सल्ला देणार नाही. तुझं क्षेत्र मला कळत नाही. शोधत राहा, दमलास तर थांब, परत शोध. मिळेल ते चांगलं कर. मात्र ते आमच्यात जागा मिळवायला करू नकोस. कार्यात कुणीतरी 'सध्या काय करतोस?' विचारणारच, सरळ सांग, 'सध्या काम नाही.' मी शेजारी उभा असेन. पुढे कुणी काही बोललं तर ते मी बघतो. तेवढं तरी मला करू दे. दादाच्या वेळी मी नेमका उलट्या बाजूला उभा होतो.

मागच्या खेपेला तू घराची किल्ली टेबलावर ठेवून गेलास. विसरलास असं मला वाटलं होतं. तुझी आई म्हणाली, विसरला नाही, ठेवून गेला. ती या पाकिटात घातली आहे. शनिवारी कधीही ये, आम्ही झोपलेले असलो तरी बेल वाजवू नकोस. पावसाने दार फुगलंय, किल्ली एकदम फिरत नाही. दार थोडं आपल्याकडे ओढून धर, मग फिरव.

तुझे,
बाबा